ठिबक करूनही विहीर मार्चातच तळाला, पाणी नेमकं जातंय कुठं?

बालाघाटी_शेती

राम राम मंडळी. अंबाजोगाईच्या बाजूला आमची नऊ एकर जमीन आहे, मध्यम काळी, खाली मुरूम. विहीर पन्नासेक फुटाची. आधी पाटानं पाणी द्यायचो तेव्हा दीड एकर ऊस कसाबसा निघायचा. मग अनुदानातून ठिबक केलं अन् ऊस तीन एकर झाला, बाकीच्यात सोयाबीन-तूर अन् रब्बीला हरभरा-ज्वारी. ठिबक बसवणारा म्हणला होता निम्मं पाणी वाचतंय. शेजारच्यांनीही केलं, आता आमच्या शिवारात पाटपाण्यावरचा ऊस शोधावा लागतो. मग पाणी वाचलेलं दिसायला पाहिजे ना? झालंय उलटंच. २०२५ च्या सप्टेंबरात आमच्याकडं एवढा पाऊस झाला की सोयाबीन उभ्या उभ्या सडलं, नदीकाठच्यांच्या तर जमिनी खरवडून गेल्या, विहीर पार काठापर्यंत आली होती. अन् आता मार्च लागला तर मोटार तासभर चालली की फुटबॉल (पाइपाच्या तळाचा व्हॉल्व्ह) उघडा पडायलाय.

थोरले भाऊ म्हणायलेत शेततळं करू, पाऊसकाळात विहिरीचं पाणी त्यात उपसून ठेवू अन् अजून दोन एकर ऊस वाढवू. धाकट्याचं म्हणणं चारशे फूट बोअर मारू. मला दोन्ही पटंना, पण त्याच्याबदली काय करायचं तेही सांगता येईना. घरात खाणारी तोंडं वाढली, जमीन तेवढीच आहे, पुढं वाटण्याही होतील. देशाचंही तेच म्हणा, माणसं वाढायलीत अन् जमीन-पाणी होतं तेवढंच. बागायत वाढवल्याबिगर भागायचं कसं? ज्यांना खरंच माहितीय त्यांनी सांगा.

निफाडची_बाग

दादा आधी हे सांगा, लॅटरल (ठिबकच्या नळ्या) किती अंतरावर आहेत, ड्रिपर किती लिटरचा, आणि डिसेंबर-जानेवारीत विहिरीला पाणी होतं तेव्हा रोज किती वेळ चालवायचे?

बालाघाटी_शेती

पाच फुटाची सरी, ड्रिपर ४ लिटरचा, ४० सेंटीमीटरवर. एकर-एकराचे तीन व्हॉल्व्ह आहेत. मोटार साडेसातची. लाईट आठ तास राहते, कधी दिवसपाळी कधी रात्रपाळी, ऑटो लावलेला आहे, लाईट आली की मोटार आपोआप चालू. एकेका व्हॉल्व्हला अडीच तास तरी पडत असतील, लाईट आहे तोवर चालतंच.

निफाडची_बाग

मग हिशोब करून बघा. पाच फुटाच्या सरीत एकरात साधारण २६५० मीटर नळी बसते, ४० सेंटीमीटरनं म्हणजे ६६०० च्या वर ड्रिपर झाले, प्रत्येकाचे ४ लिटर म्हणजे एका तासाला एकरावर २६ हजार लिटर पाणी पडतं. अडीच तासाचं ६५ हजार लिटर. एका एकरावर एक मिलिमीटर पाणी म्हणजे ४ हजार लिटर, तर तुम्ही रोज १६ मिमी देत होता. डिसेंबरच्या थंडीत उसाला रोजचं ३ ते ४ मिमी पुरतं, भर उन्हाळ्यात ७-८. म्हणजे थंडीत अर्धा-पाऊण तास आणि मे महिन्यात सव्वा-दीड तासात काम व्हायला पाहिजे. बाकीचं मुळांच्या खाली गेलं आणि जाताना तुमचा युरिया पण घेऊन गेलं.

हे तुम्हीच करता असं नाही, आमच्या भागात द्राक्षवाले सोडले तर बरेच जण ठिबक असंच चालवतात, लाईट आली की चालू, गेली की बंद. ठिबक म्हणजे नळ्या अंथरणं नाही हो, तास मोजणं आहे. त्यात आता साडेसात एचपीपर्यंतच्या पंपाला २०२४ पासून वीजबिल माफ आहे, त्यामुळं मोटार बंद करायला जायचं कारणच राहिलं नाही कोणाला. टायमर बसवा, फार खर्च नाही. आणि दोन ओळींच्या मधे पाचट (उसाचा वाळलेला पाला) जाळू नका, आच्छादन करा, उन्हाळ्यात पाण्याच्या पाळीत एक-दोन दिवसांचा फरक सहज पडतो.

भूजल_निवृत्त

निफाडकरांचा हिशोब बरोबर आहे, तो आजच अमलात आणा. पण मूळ प्रश्न त्यानं सुटणार नाही, म्हणून जरा सविस्तर लिहितो, माझी नोकरी भूजलातच गेली.

तुम्ही विचारलंत पाणी जातं कुठं. जास्तीत जास्त पाणी तुमच्या उसाच्या पानांतून हवेत जातं. पीक जे पाणी पितं ते वाफ होऊन निघून जातं, ते त्या शिवारात परत येत नाही. पाटानं पाणी देत होता तेव्हा बरंच पाणी वाया जातंय असं दिसायचं, पण त्यातलं काही जमिनीत मुरून पुन्हा तुमच्याच किंवा खालच्या अंगाच्या शेजाऱ्याच्या विहिरीत यायचं. ठिबकनं ते मुरणं कमी झालं, बाष्पीभवन थोडं वाचलं, पण पिकाची स्वतःची तहान आहे तेवढीच आहे. आणि तुम्ही ऊस दीड एकराचा तीन एकर केलात. म्हणजे पानांतून उडणारं पाणी दुप्पट. शिवारातल्या सगळ्यांनी हेच केलं असेल तर विहिरी आधीपेक्षा लवकर आटणार, यात नवल काहीच नाही. असं फक्त आपल्याकडेच झालंय असंही नाही, सूक्ष्म सिंचनावर (ठिबक-तुषारवर) अनुदान दिलं पण एकूण उपशावर मर्यादा घातली नाही अशा देशोदेशीच्या भागांत हाच अनुभव आलेला आहे.

आता पावसाचा हिशोब. तुमच्याकडे सरासरी सातशे मिमी पाऊस धरू. एका एकरावर तो पडतो साधारण २८ लाख लिटर. आपल्या बेसाल्टच्या, म्हणजे काळ्या पाषाणाच्या खडकात त्यातला दहा टक्क्यांच्या आसपास भाग जमिनीखाली साठ्याला पोचतो, म्हणजे एकरी २.८ लाख लिटर. उसाला ठिबकवर व्यवस्थित पाणी दिलं तरी वर्षाकाठी दीड हजार मिमी लागतं, एकरी ६० लाख लिटर. पाटानं दिलं तर अडीच हजार मिमी, म्हणजे एक कोटी लिटर. ठिबकच धरू. पावसाचं थेट वीस लाख लिटर उसाला उपयोगी पडलं असं समजलं तरी ४० लाख विहिरीतून काढावे लागतात. चाळीसला २.८ नं भागा, चौदा येतात. एक एकर उसासाठी चौदा एकर जमिनीत मुरलेलं पाणी लागतं. तुमच्या तीन एकरांसाठी ४२ एकरांचं, आणि जमीन आहे नऊ एकर. उरलेल्या ३३ एकरांचं पाणी तुम्ही कोणाच्या तरी वाटचं काढताय आणि तेही तुमच्या वाटचं काढतायत. पाणलोटाची चांगली कामं असतील तर मुरण्याचं प्रमाण वाढतं, आकडे थोडे पुढे-मागे होतील, पण चौदाचे तीन होत नाहीत.

दुसरं, सप्टेंबरात विहीर भरली होती मग मार्चात का आटली. बेसाल्टमध्ये पाणी साठतं ते वरच्या मुरमात आणि भेगाळलेल्या खडकात, साधारण पंधरा-वीस मीटरपर्यंत. त्याखाली एकसंध काळा पाषाण, मधे कुठेतरी दोन थरांच्या सांध्यात थोडं पाणी. गंगेच्या मैदानात शेकडो फूट गाळ आहे, तसं आपलं नाही. साठवणूकच मर्यादित, एकदा भरली की कितीही पाऊस पडू दे, वरचं सगळं वाहून जातं. शिवाय उताराच्या शिवारात मुरलेलं पाणी डिसेंबरपर्यंत ओढ्या-नाल्यांतून हळूहळू पाझरत निघून जातं. त्यामुळे अतिवृष्टीच्या वर्षीसुद्धा उन्हाळ्यासाठी शिल्लक फार जास्त राहत नाही.

चारशे फूट बोअरबद्दल: आपल्या राज्याच्या २००९ च्या भूजल कायद्यात शेतीसाठी ६० मीटरपेक्षा खोल विहीर किंवा बोअर घेऊ नये असं आहे, पाळतं कोण हा भाग वेगळा. पण कायदा बाजूला ठेवला तरी, खोल बोअरला लागणारं पाणी बहुतेक वेळा वरच्याच थरातून भेगांवाटे खाली ओढलेलं असतं किंवा फार जुनं साठलेलं असतं. पहिल्या प्रकारात तुमचीच विहीर आटते, दुसऱ्यात दोन-तीन वर्षांनी बोअर फुफाटा सोडायला लागतं. धाकट्या भावांना हे नीट सांगा.

वाळवेकर

वरचं वाचून लिहायचं ऱ्हावलं नाही. आम्ही कृष्णाकाठचं, आमच्याकडं पाण्याचा दुष्काळ कवा नव्हता, त्यामुळं आमची गोष्ट उलटी आहे पण ऐका. आज्जाच्या काळात लिफ्ट इरिगेशन झालं, नदीचं पाणी माळावर आलं, ऊस म्हणजे ऊसच, उसावर ऊस, खोडव्यावर खोडवा, पाणी तुंबस्तोर सोडायचं. काळीची चिकण जमीन, निचरा न्हाई, खालनं पाणी वर येत गेलं आणि त्येच्याबरोबर क्षार. आज आमच्या गट नंबरात कडंच्या पट्ट्यात उन्हाळ्यात पांढरी बुकणी दिसती जमिनीवर, हातात घेतली तर मिठासारखी लागती बोटाला. तिथं ऊस गुडघ्याएवढा होऊन पिवळा पडायचा. एकरी साठ-सत्तर टन काढलेली जमीन ही. सांगली-कोल्हापुरात अशी क्षारपड जमीन हजारो हेक्टर हाय, शिरोळ तालुक्यात तर बगायलाच जावा.

आता आम्ही पाच-सात शेजारी मिळून जमिनीखाली भोकाच्या पायपा घातल्यात, चार-साडेचार फुटावर, वर फिल्टरचं कापड गुंडाळून, सगळ्या पायपा एका मोठ्या पायपला जोडून पाणी ओढ्याला काढलं. एकट्यादुकट्याला जमत न्हाई कारण निचऱ्याला बाहेर काढायची वाट शेजाऱ्याच्या रानातनं असती, त्यो न्हाई म्हणला की खेळ खलास. दोन पावसाळं क्षार धुऊन जायला गेलं, आता कुठं हिरवंगार दिसाय लागलंय. पैसा गेला त्यो गेलाच.

सांगायचं काय, पाणी कमी असलं तरी आणि जास्त असलं तरी जमीन आणि पाणी एकट्याचं नसतंय. तुमच्याकडं विहीर शेजाऱ्याचं पाणी वढती, आमच्याकडं शेजाऱ्यानं तुंबवलेलं पाणी आमच्या रानात फुटतंय.

भूजल_निवृत्त

वाळवेकर, ही गोष्ट शंभर वर्षांहून जुनी आहे. नीरा डावा कालवा १८८५ च्या सुमारास सुरू झाला आणि थोड्याच वर्षांत उसाखालच्या जमिनी पाणथळ व्हायला लागल्या. तेव्हा मुंबई इलाख्यात इंजिनिअर असलेल्या विश्वेश्वरय्यांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला ब्लॉक पद्धत आणली, कालव्याखालच्या ठरावीक गटातल्या एक तृतीयांश जमिनीतच ऊस, बाकीच्यात हंगामी पिकं, आणि जागा फिरती. पाणी जास्त लोकांना मिळावं आणि जमीन खराब होऊ नये, दोन्ही त्यातून साधत होतं. पुढे उसाला जसं बळ आलं तशी ती शिस्त मागे पडली.

खेड्याकडे_चला

सगळे शेतकऱ्यालाच शहाणपण शिकवताय याचा मला राग येतो. शहरांना धरणाचं पाणी, कारखान्यांना पाणी, आणि शेतकऱ्यानं तास मोजायचे? देशाची लोकसंख्या १४० कोटींच्या वर गेली, त्यांना खायला कोण घालतंय? सिंचन वाढलं नसतं तर आपण आजही बाहेरून गहू मागवत बसलो असतो, साठच्या दशकात अमेरिकेच्या जहाजांची वाट बघत होतो हे विसरू नका. महाराष्ट्रात आजही पिकाखालच्या जमिनीत सिंचनाखाली जेमतेम पाचवा भाग आहे, उरलेले ढगाकडं बघून जगतात. आणि तुम्ही म्हणता बागायत कमी करा.

उसाचं म्हणाल तर शेतकरी उसाकडं का जातो ते बघा. २०२५-२६ ला सोयाबीनचा हमीभाव ५,३२८ रुपये, बाजारात काय भावानं गेलं ते प्रत्येकाला माहितीय. तुरीचा ८,००० जाहीर, खरेदी केंद्रावर नंबर लागेपर्यंत व्यापाऱ्याला देऊन मोकळं व्हावं लागतं. उसाला एफआरपी (कारखान्यानं द्यायचा किमान दर) कायद्यानं ठरलेली आहे, उशिरा का होईना पैसे येतात. अतिवृष्टीत सोयाबीन गेलं, ऊस उभा राहिला. मग शेतकऱ्यानं काय करावं?

लुधियाना_मुक्काम

तुमचा राग समजतो, भावाचं तर शंभर टक्के पटलं. पण खायला घालण्याचा मुद्दा मी जिथं राहतो तिथून सांगतो. मी मूळचा परभणीचा, नोकरीनं पंजाबात. देशाला भात-गहू पुरवायचा म्हणून इथल्या शेतकऱ्याला हमीभाव दिला, सरकारी खरेदीची खात्री दिली, नव्वदच्या दशकात वीज मोफत केली. पंजाब भात खाणारा प्रदेश नाही तरी खरिपात चारी बाजूला भातच. आज दरवर्षी जेवढं पाणी जमिनीत मुरतं त्याच्या दीडपटीपेक्षा जास्त उपसलं जातं. जुन्या, वरून पाणी ओढणाऱ्या सेंट्रिफ्यूगल मोटारी कधीच निकामी झाल्या, आता बोअरमध्ये खोल सबमर्सिबल सोडा. २००९ मध्ये कायदा केला की ऐन मे महिन्याच्या उन्हात रोप लावायचं नाही, जूनमध्ये लावा, त्यानं थोडं पाणी वाचलं पण कापणी पुढं सरकली, गव्हाच्या पेरणीला दिवस उरले नाहीत आणि काडी जाळणं वाढलं, त्याचा धूर तुम्ही दरवर्षी टीव्हीवर बघता.

इथला शेतकरी काही मूर्ख नाही, त्याला ज्याची खात्री दिली ते त्यानं पिकवलं. म्हणून मी म्हणतो की देशाची भूक भागवायला पाणी लागतं हे खरं, पण कुठलं पीक कुठं, हे न ठरवता फक्त पाणी वाढवत नेलं तर शेवटी तीच जमीन भूक भागवायच्या लायकीची राहत नाही. आणि आज आपण बाहेरून काय आणतो बघा. खाद्यतेल निम्म्याच्या वर आयात होतं, तूर म्यानमार आणि मोझांबिकहून येते. दूध, अंडी, कोंबडी खाणारे वाढले म्हणून मका आणि सोयापेंड पाहिजे, त्यात मक्याला आता इथेनॉलचंही गिऱ्हाईक आलंय. साखर मात्र चांगल्या वर्षी आपण बाहेर विकतो. महाराष्ट्रात एक किलो साखरेमागं दोन हजार लिटरच्या आसपास पाणी जातं, उत्तर प्रदेशात त्याच्या निम्म्यानं. मराठवाड्याचं पाणी साखरेच्या पोत्यातून बाहेर जातंय आणि मराठवाड्यात होऊ शकणारी तूर जहाजातून आत येतेय.

बालाघाटी_शेती

चौदा एकराचा हिशोब थोरल्या भावाला वाचून दाखवला. ते बराच वेळ काही बोलले नाहीत, मग म्हणले की २०१६ ला लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणलं तेव्हाही आपल्या भागातले कारखाने काही उसाशिवाय राहिले नव्हते. पण त्यांचं एक म्हणणं मला खोडता येईना, आम्ही ऊस कमी केला अन् शेजाऱ्यानं वाढवला तर आमचंच पाणी तो नेईल, मग आम्ही का कमी करायचा? याला काय उत्तर आहे?

अन् शेततळ्याचं कोणीच बोललं नाही.

निफाडची_बाग

शेततळं आमच्याकडं गरजेचं आहे कारण छाटणीनंतर द्राक्षाला ठराविक दिवशी पाणी नसेल तर वर्ष वाया जातं. पण ते ओढ्याच्या पुराचं, वाहून जाणारं पाणी अडवून भरलं तर त्याला अर्थ आहे. विहिरीतून उपसून भरलं म्हणजे सावलीतलं पाणी उन्हात आणून ठेवलं. ३० बाय ३० मीटर, ३ मीटर खोल तळ्यात सगळं मिळून २० लाख लिटर बसतं. फेब्रुवारी ते मे रोज ७ मिमी उडतं धरा, तळं जसं उतरतं तसा पृष्ठभाग कमी होतो हे धरूनही पाचेक लाख लिटर हवेतच जातात. आणि तुम्ही पावसाळ्यात उपसता तेव्हा शेजारी पण उपसतो, ज्याची मोटार मोठी त्याचं तळं आधी भरतं, ज्याच्याकडं शेततळं बांधायला पैसे नाहीत त्याची विहीर दिवाळीतच बसते. आमच्या भागात हे झालेलं आहे, काही गावात भाऊबंदकीत केसेस आहेत यावरून.

पारनेरची_लेक

शेजाऱ्याचा जो प्रश्न दादांनी विचारलाय तोच खरा प्रश्न आहे, त्यावर लिहिते. आमच्या नगर जिल्ह्यात हिवरे बाजार आहे, ते सगळ्यांनी ऐकलेलं असतं पण लोक जाऊन चर आणि झाडं बघून येतात आणि ग्रामसभेचं काम कसं चालतं ते कोणी विचारत नाही. तिथं पाऊस आमच्यासारखाच, तुमच्यापेक्षा खूप कमी. पोपटराव पवार सरपंच झाल्यावर नव्वदच्या दशकात आदर्श गाव योजनेतून पाणलोटाची कामं झाली, ती इतर गावांतही झाली. फरक पडला तो नियमांनी. शेतीसाठी बोअर घ्यायचं नाही, ऊस आणि केळी लावायची नाही, आणि पाऊस संपला की ग्रामसभेत पाण्याचा ताळेबंद मांडायचा, पाऊस किती झाला, विहिरींची पातळी काय, माणसांना-जनावरांना किती बाजूला काढायचं आणि उरलेल्यात रब्बीला काय आणि किती पेरायचं. पाऊस कमी झाला तर गहू-कांदा कमी करतात.

त्याच्या आधी पुरंदर तालुक्यात नायगावला विलासराव साळुंखेंनी १९७२ च्या दुष्काळानंतर पाणी पंचायत उभी केली होती, तिचा नियम तर अजून पुढचा होता. पाणी जमिनीच्या मालकीवर नाही, घरातल्या माणसांवर, माणशी अर्ध्या एकराला पुरेल इतकं, कुटुंबाला जास्तीत जास्त अडीच एकर, भूमिहीनालाही वाटा आणि ऊस बंद. मला आजही वाटतं की पाण्याच्या बाबतीत एवढा न्याय्य विचार आपल्याकडं दुसरा झाला नाही. त्या योजनांपैकी सगळ्या टिकल्या नाहीत, वरून कायद्याचा आधार नव्हता.

माझ्या सासरचं गाव काही हिवरे बाजार नाही, पण अटल भूजल योजनेत होतं तेव्हापासून आमच्या शाळेच्या आवारात पर्जन्यमापक आहे आणि काही ठरलेल्या विहिरी आम्ही बचत गटाच्या बायका मोजतो. ऑक्टोबरच्या ग्रामसभेत फळ्यावर आकडे लिहिले की भांडणं होतात, पण ती पाण्यावर होतात, पक्षावर नाही, हे मला मोठं वाटतं. एका वर्षी उन्हाळी भुईमूग आणि घास किती लावायचा यावर ग्रामसभा दोनदा भरवावी लागली आणि शेवटी ठरलं ते बहुतेकांनी पाळलं. सगळ्यांनी नाही. पण त्या उन्हाळ्यात टँकर लागला नाही.

तर भावांना सांगा की एकट्यानं ऊस कमी करू नका, तुमच्या ओढ्याच्या दोन्ही अंगाच्या विहिरीवाल्यांना आधी एकत्र बसवा. सगळं गाव नको, आठ-दहा विहिरी एकाच मुरमावर असतात तेवढ्यांपासून सुरुवात करा.

खेड्याकडे_चला

ताई, हे मला मान्य आहे, कारण यात शेतकरी स्वतः ठरवतोय, वरून कोणी सांगत नाहीये. पण ऊस काढून त्या जागी काय, आणि पैशाचं काय, ते पण कोणी सांगा.

भूजल_निवृत्त

पाण्याच्या बाजूनं सांगतो, पैशाचं शेतकरी मित्र सांगतील. एक एकर उसाला विहिरीचे ४० लाख लिटर म्हटलं होतं. संरक्षित पाण्याची, म्हणजे ऐन गरजेच्या वेळी द्यायची एक पाळी ५ सेंटीमीटरची, एकरी २ लाख लिटर. म्हणजे त्याच पाण्यात वीस पाळ्या बसतात, दोन-दोन पाळ्या धरल्या तर दहा एकर हरभरा किंवा तूर. कोरडवाहू हरभऱ्याला फांद्या फुटताना एक आणि घाटे भरताना एक पाणी मिळालं तर उतारा चांगलाच वाढतो, तुरीला फुलोऱ्यात आणि शेंगा भरताना. सोयाबीनला ऑगस्टमध्ये खंड पडतो तेव्हाचं एक पाणी कधी कधी अख्खं पीक वाचवतं. देशाला लागणारं जादा अन्न यातून येईल, बागायतदाराच्या शेवटच्या एकरातून नाही, असं माझं ठाम मत आहे.

कळंबचा_बारक्या

पैशाचं मी सांगतो, बाजूच्याच तालुक्यातला आहे. एकराला एकर लावलं तर ऊसच जिंकतो, खोटं कशाला बोलायचं. पण आमची विहीर आहे तेवढीच धरून सगळ्या रानाचा हिशोब केला तर वेगळं दिसतं. आम्ही ऊस एकच एकर ठेवला, त्यालाही पाचट अन् एका तासाच्या वर ठिबक नाही. सुटलेल्या पाण्यात सात एकर हरभरा-तूर तुषारवर भिजतो, शिवाय अर्धा एकर रेशीम, तुतीला उसापेक्षा बरंच कमी पाणी लागतं अन् वर्षात चार-पाच वेळा पैसा हातात येतो. मेहनत मात्र जास्त, घरातली माणसं लागतात, अळ्यांना पाला टाकायला सुट्टी नसते. तूर खरेदी केंद्राच्या भरवशावर न विकता आमचा शेतकरी गट आहे, डाळ करून विकतो, सगळी नाही पण निम्मी जाते. भावाचा प्रश्न सुटला असं म्हणणार नाही. सरकारनं जसा ऊस खरेदीचा कायदा केला तशी तुरीची खरेदी पक्की केली तर आमच्याकडचा निम्मा ऊस आपोआप जाईल.

बालाघाटी_शेती

लई उपकार झाले सगळ्यांचे. घरी तूर्त एवढं ठरलंय: बोअर रद्द, शेततळं रद्द, टायमर आणायचा, अन् खोडवा निघाल्यावर एक एकर ऊस मोडायचा. दुसऱ्या एकराचं शेजाऱ्यांशी बोलल्यावर. ओढ्याच्या आमच्या बाजूला सहा विहिरी अन् पलीकडं पाच आहेत, गुढीपाडव्याला सगळे गावात असतात तेव्हा बसायचं म्हणतोय. पारनेरच्या ताईंना विचारायचं होतं की विहिरीची पातळी तुम्ही कशानं मोजता अन् कधी, कारण तिथं तोंडी सांगितलं तर कोणी ऐकायचं नाही, आकडा पाहिजे.

पारनेरची_लेक

दादा फार काही लागत नाही. नायलॉनची दोरी, दर फुटावर गाठ, पाचव्या फुटाला रंगीत चिंधी, खाली लोखंडी नट बांधायचा. विहिरीच्या काठावर एका जागी ऑइलपेंटनं खूण करा आणि कायम त्याच खुणेवरून दोरी सोडा, नाहीतर दर वेळी वेगळा आकडा येतो. मोजायचं सकाळी, मोटार चालू करायच्या आधी, रात्रपाळी असेल त्या आठवड्यात निदान चार-पाच तास मोटार बंद ठेवून. महिन्यातून एकदा पुरे, पण अकराच्या अकरा विहिरी एकाच दिवशी मोजा. मोजायला मोटारवाले पुरुष एकटे जाऊ देऊ नका, पलीकडच्या बाजूचा एक माणूस बरोबर घ्या म्हणजे आकड्यावर वाद होत नाही. आणि पाडव्याच्या आधी एकदा तरी मोजून ठेवा, बैठकीत कागद हातात असला की बोलणं लवकर मुद्द्यावर येतं. तुमच्या जिल्ह्याच्या भूजल यंत्रणेच्या कार्यालयात जवळच्या निरीक्षण विहिरीच्या मागच्या वर्षांच्या नोंदी मिळतात, अर्ज करा, त्या तुमच्या आकड्यांच्या शेजारी लावता येतील.